पट्टी डाव्या गुडघ्याला

दोन वर्षांनी ताईला घरी जेवायला बोलावणं आलं, तेव्हाच तिने ओळखलं की आपल्याकडून काहीतरी हवंय. या घरात नुसती आठवण आली म्हणून कुणी कुणाला फोन करत नसे. फोन आला की काम असे, आणि तो खुद्द दादाने केला असेल तर काम अवघड असे. "ये गं रविवारी, सगळे एकत्र बसू, किती दिवस झाले," असं तो म्हणाला होता. किती दिवस झाले ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वडील आयसीयूत शेवटच्या घटका मोजत होते आणि हा थोरला चिरंजीव गळ्यात पास अडकवून स्टेडियममधल्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसला होता. का, तर म्हणे घरातलं कुणीतरी तिथं हवं ना. धाकटा मैदानात खेळत होता. त्याला कुणी कळवलंच नाही, त्याचा खेळ बिघडला असता म्हणून. त्या दिवसापासून ताई दादाशी बोलली नव्हती, आणि दादाचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. आज अडलं होतं.

ती सवयीप्रमाणे वीस मिनिटं आधीच पोहोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. काचेच्या कपाटात ढाली, चषक आणि पदकं दाटीवाटीने बसली होती, आणि वर भिंतीवर धाकट्याचा तो मोठा फोटो होता: हवेत दोन फूट उडालेला, डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर चेंडू. पेपरवाल्यांनी त्याला 'कुलूप' हे नाव दिलं तो हा सामना. आईने फोटो मढवून घेतला आणि मग त्याच्याखाली सोफा असा मांडला, की येणाऱ्याला बसल्याबसल्या मान वर करावीच लागे.

तेवढ्यात वरच्या खोलीचं दार वाजलं आणि धाकटा लाकडी जिना उतरू लागला. खाली कुणी आलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. एक हात कठड्याला, उजवा पाय खालच्या पायरीवर, मग डावा त्याच पायरीवर. पुन्हा उजवा, मग डावा. डाव्या गुडघ्याला नेहमीची निळी पट्टी होती. पाचव्या पायरीवर त्याला ताई दिसली, आणि उरलेला जिना तो शाळा सुटलेल्या पोरासारखा धडाधड उतरला.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

ताई त्याच्या पायांकडे पाहत राहिली. एकोणीस वर्षं ती हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये कामाला होती. कुबड्या घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच धडा द्यायची: चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा आधी टाका. हजारो लोकांना तिने हे घोकून घेतलं होतं. झोपेतून उठवून कुणी जिना उतरताना दाखवला असता तरी दुखरा पाय कुठला ते तिने सांगितलं असतं. पट्टी डाव्या गुडघ्याला होती. दुखत होता तो उजवा.

तिने काही विचारलं नाही. आपणहून सांगेल, असं तिला वाटलं. हा तिचा भाबडेपणा होता, कारण आपणहून काही सांगायची धाकट्याला चौतिसाव्या वर्षापर्यंत गरज पडली नव्हती.

जेवायला सहाजण होते. आई, दादा, धाकटा, धाकट्याची बायको, ताई, आणि वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे काका. पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडण्याबंद करण्यात काकांची हयात गेली होती आणि रिटायर झाल्यापासून ते फुटबॉलचे जाणकार झाले होते. धाकट्याच्या सामन्यांना त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची, आणि त्या खुर्चीवरून त्यांनी जगाला एकच प्रश्न विचारला होता: गोल किती? बचाव करणाऱ्याने गोल करायचे नसतात, दुसऱ्याला करू द्यायचे नसतात, हे त्यांना समजावता समजावता वडील थकून गेले. धाकट्याच्या सगळ्या कारकिर्दीत दोन गोल होते. काका तीन सांगत. त्यातला एक त्याने चुकून आपल्याच जाळ्यात घातला होता, पण काकांच्या मते जाळं ते जाळं.

ती कारकीर्द सुरू कशी झाली हे ताईइतकं कुणाला आठवत नव्हतं. गोदामांच्या मागे मोकळी जागा होती, तिथं दादा आणि त्याचे मित्र खेळायचे. सगळ्यांना पुढे पळायचं असायचं. मागे उभं राहायला कुणी तयार नाही, म्हणून आठ वर्षांच्या धाकट्याला तिथं उभं केलं आणि सांगितलं, हलायचं नाही. तो हलला नाही. दादा पुढे पळून पळून कंटाळला आणि वॉटर फिल्टर विकू लागला. धाकटा तिथंच उभा राहिला, आणि त्या उभं राहण्याचाच पुढे क्लब झाला, कप्तानपद झालं, काचेचं कपाट झालं. दादाने हळूच फिल्टरचं दुकान मिटवून व्हिजिटिंग कार्ड छापलं: 'क्रीडा व्यवस्थापक'. त्याच्या व्यवस्थापनाखाली जगात एकच खेळाडू होता, आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

नाही म्हणता येत नाही, हे तरी किती खरं, असा प्रश्न ताईला जेवताना पडला. धाकट्याचा खेळ तिने पुष्कळ पाहिला होता. समोरून फॉरवर्ड धावत आला की हा त्याच्यावर कधी झेपावायचा नाही. अंग तिरकं करून, एक खांदा पुढे काढून, त्याच्या बाजूबाजूने मागे सरायचा, आणि त्याला नकळत कडेच्या रेषेकडे न्यायचा. तिथं गेल्यावर त्या बिचाऱ्याला ना पुढे जाता यायचं ना मागे वळता. मैदानात याला 'बाहेर दाखवणं' म्हणायचे. घरातही तो हेच करायचा. आई म्हणाली, नव्या गावात घर मोठं घेऊ या, तर हा म्हणाला, भात वाढ. काकांनी विचारलं, तिथं पहिल्या रांगेचं काय, तर याने त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी केली. दादा कराराचं बोलू लागला तर हा म्हणाला, जेवण झाल्यावर बघू. सगळे कडेला जाऊन उभे राहिले आणि कुणालाच पत्ता नाही. खुर्चीतसुद्धा तो तिरकाच बसला होता. उजवा पाय टेबलाखाली सरळ ताणलेला.

जेवण झालं. दादाने बॅग उघडली आणि ताईला का बोलावलं ते बाहेर आलं.

जुन्या क्लबने यंदा धाकट्याला हार घालून निरोप दिला होता. दादाने लगेच दुसऱ्या शहरातला, एक पायरी खालचा क्लब गाठला होता. दोन हंगामांचा करार. सगळं ठरलं होतं, फक्त एक फॉर्म राहिला होता आणि तो न्यायला क्लबचा माणूस चार वाजता घरी येणार होता. फॉर्म दुखापतींचा. सहा वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, त्यानंतर नऊ महिने ताईने धाकट्याकडून व्यायाम करून घेतला होता. तेव्हा उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्याने, म्हणजे ताईने, दोन ओळी लिहून सही करायची होती. एक ओळ डाव्या गुडघ्याबद्दल. दुसऱ्या ओळीत छापलेलं होतं: 'अन्य दुखापत असल्यास'. तिच्यापुढे चार बोटं जागा कोरी.

"तिथं फक्त 'नाही' लिहायचं," दादा म्हणाला. पेनचं टोपणसुद्धा त्याने काढून ठेवलं होतं.

ताईने फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला. दादाला वाचणारी माणसं आवडत नसत. तो चुळबुळ करू लागला. त्याने बॅगेतून एक मोठी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. उलटी धरली होती, पण ऐट अशी की जणू ती हाडं त्यानेच घडवली आहेत. परवाच स्कॅन करून घेतलाय, तो सांगू लागला. डॉक्टर म्हणाले, चौतिसाव्या वर्षी असा गुडघा बघायला मिळत नाही. विशीतल्या पोराचा शोभावा असा. काकांनी चष्मा पुसून फिल्म पाहिली आणि वा वा केलं. आई म्हणाली, रोज चोळते मी, उगीच नाही. आईचा हा नेम होता. टीव्ही लावायचा, धाकट्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि पट्टी सोडून गुडघा चोळायचा. कुलपाची आई म्हणून दाताच्या दवाखान्यात तिला आधी आत घेत, आणि आपण हे फुकट उपभोगत नाही असं तिला त्या चोळण्यामुळे वाटत असावं.

फिल्मच्या कोपऱ्यात बारीक 'एल' होता. डावा.

ताईने दादाला विचारलं, स्कॅन कुठल्या गुडघ्याचा करायचा ते सेंटरवाल्यांना कुणी सांगितलं?

"मीच. कोण सांगणार? म्हटलं, ज्याला पट्टी आहे तो करा."

ताईला हसू फुटलं. ते चांगलं हसू नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं, पाणी पिऊन येते म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिथं धाकट्याची बायको भांडी पुसत उभी होती. शाळेत गणित शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, नवराही. या घरात ती कमी बोलायची आणि त्यामुळे तिला काही मत नाही असं सगळ्यांनी सोयीने ठरवून टाकलं होतं. ताईने आडपडदा न ठेवता विचारलं, तो झोपतो कुठे?

बाईचा हात थांबला. "चार महिने झाले, खाली सोफ्यावर. वर उकडतं म्हणतो." मग पुढे म्हणाली: "वर पंखे दोन-दोन आहेत, ताई."

"तुला माहीत होतं?"

"कोणता पाय ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे एवढं माहीत होतं." तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसली. "मी विचारलं नाही. विचारलं आणि त्याने खरं सांगितलं, तर मग तो घरी बसणार. घरी बसलेला तो कसा असेल, मला खरंच माहीत नाही. मी त्याला असा कधी पाहिलाच नाही. भीती वाटते मला."

हिचंही तेच, ताईच्या मनात आलं. प्रत्येकाला आपापली भीती, आपापली खुर्ची, आपापला पास. गुडघा मात्र त्याचा एकट्याचा. तिला या सगळ्या घराची शिसारी आली, आणि त्या शिसारीच्या जोरावरच ती हॉलमध्ये परतली.

"दादा," ती म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला दादा म्हणून हाक मारत, "तू बऱ्या गुडघ्याचा फोटो काढून आणलायस."

मग तिने सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, आवाज न चढवता, पेशंटच्या नातेवाइकांना सांगते तसं. डावा गुडघा पाच वर्षांपूर्वीच बरा झाला, तिने स्वतः तपासला होता. पट्टी उगीच आहे. जिना उतरताना पहिला पाय कुठला पडतो, खुर्चीत कुठला पाय ताठ राहतो, सोफ्यावर कोण का झोपतं. उजवा गुडघा गेलेला आहे. दोन हंगाम सोडा, एखाद्या दांडग्या पोराने नीट धक्का दिला तर तो जन्माचा आखडेल, आणि मग चाळिशीत हा काठी टेकत फिरेल.

सगळे धाकट्याकडे पाहू लागले. धाकटा टेबलक्लॉथकडे पाहत होता.

"खरं आहे का रे?" आईने विचारलं.

तो आता काहीतरी तिरकं बोलणार, भाताची नाहीतर डोळ्यांची चौकशी करणार, असं ताईला वाटलं. पण कडेला न्यायला जागा उरली नव्हती. त्याने मान हलवली. मग, जणू मैदानातली गोष्ट सांगतोय अशा सुरात, त्याने पट्टीचं सांगितलं. पट्टी दिसली की समोरचे खेळाडू त्याच गुडघ्यावर बूट मारतात. मारू देत. बरा गुडघा मार खातो, दुखरा सुटतो. सगळेच अनुभवी खेळाडू असं करतात. उजवा दुखू लागला तेव्हापासून डाव्याची पट्टी त्याने सोडलीच नव्हती.

"किती दिवस?" आई म्हणाली.

"तीन वर्षं."

"म्हणजे तीन वर्षं मी रोज बरा गुडघा चोळत बसलेय."

"हं."

"आणि तू चोळू दिलास."

"तुला बरं वाटायचं, आई."

आईचा चेहरा असा झाला, की काकासुद्धा दुसरीकडे पाहू लागले. ती उठली, टीव्हीच्या बाजूला ठेवलेली तेलाची बाटली उचलली आणि आतल्या खोलीत निघून गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दादा मात्र विचार करत होता. विचार करताना दादाच्या भुवया वर जात, आणि त्या आता पार केसांपर्यंत गेल्या होत्या.

"एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे उजव्याचं अजून कुणालाच माहीत नाही?"

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण दादाचा चेहरा खुलला होता. तो उत्साहाने मांडू लागला. फॉर्ममध्ये डाव्याचं विचारलंय, डावा उत्तम आहे, त्यात खोटं काय? पुढे अन्य दुखापत विचारलीय. कागदोपत्री आहे का अन्य दुखापत? नाही. मग 'नाही' लिहिण्यात खोटं काय? तिकडच्या क्लबचे डॉक्टर फिल्म बघतील, फिल्म सोन्यासारखी आहे. तिथं खालच्या दर्जाचा खेळ, पळापळ कमी. धाकटा डोक्याने खेळतो, गुडघ्याने नाही. दोन हंगाम तर आहेत. बघता बघता जातील. आणि चुकून झालंच काही, तर ते तिकडच्या मैदानात झालं असं म्हणता येईल, इलाज ते करतील.

"आणि तू?" ताईने विचारलं. "तू तोवर कुठल्या खुर्चीत बसशील, तेही ठरलंय का?"

दादा म्हणाला, तू नेहमी हलकं बोलतेस. तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. वडिलांच्या वेळेपासून मनात धरून बसलीयस. ताई म्हणाली, हो, धरून बसलेय, आणि मरेपर्यंत धरून बसणार आहे. एवढ्यात काका खाकरले. दादाची बाजू घ्यायची की नाही हे ते अजून ठरवत होते. व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवायची त्यांची जुनी सवय. शेवटी ते म्हणाले, दोन हंगाम म्हणजे फार काही नाही, पण काठी वाईट.

बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने एकच विचारलं, नवऱ्यालाच विचारलं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं, शांतपणे.

"स्कॅनच्या मशीनमध्ये तू झोपला होतास ना? शुद्धीत?"

"हो."

"त्यांनी डावा गुडघा बांधला, तेव्हा तुला कळलं असेल."

"कळलं."

"मग तू सांगितलं नाहीस."

"त्यांनी विचारलं नाही," धाकटा म्हणाला.

आणि ताईला एकदम कळलं. इतका वेळ ती दादाला मूर्ख ठरवून मोकळी झाली होती. दादा मूर्ख होताच, त्यात वाद नव्हता. पण मूर्खाला पट्टी दाखवून डाव्या गुडघ्याकडे वळवणारा दुसराच होता. अर्धा तास तो त्या घरघरणाऱ्या नळकांड्यात पडून राहिला, चांगला गुडघा पुढे करून, आणि बाहेर आल्यावर दादाच्या खांद्यावर हात टाकून घरी आला. याला कुणी ओढत नव्हतं. हा गरीब गाय नव्हता. तिने चार वर्षं, दहा वर्षं, ज्याची बाजू घेऊन सगळ्यांशी वैर घेतलं, त्याने तिलाही बाहेरच दाखवलं होतं. ती कडेच्या रेषेवर उभी होती आणि दादाशी भांडत होती.

तिला त्याचा राग आला. दादाचा कधी आला नव्हता इतका.

"ताई," धाकटा म्हणाला, "सही कर."

ताई त्याच्याकडे वळली.

"तू म्हणतोयस हे?"

"मीच म्हणतोय. दादा नाही." आता तो तिच्याकडे सरळ बघत होता, खांदा पुढे न काढता. "पुढच्या सोमवारी सकाळी उठून मी कुठे जाऊ, सांग. तुला प्लास्टर रूम आहे. बाईला शाळा आहे. दादालाही काहीतरी सुचेल. मला कुणी काही शिकवलेलं नाही. आठ वर्षांचा असताना मागे उभं केलंत, हलू नको म्हणालात. मला फक्त माणसं अडवता येतात, ताई. दुसरं काही येत नाही."

"मग अडव मला," ताई म्हणाली.

तिने फॉर्म ओढला. धाकट्याचा पंजा त्यावर पडला. मोठा पंजा होता, वडिलांसारखा, आणि त्याच्यात जोर किती आहे ते तिला ठाऊक होतं. कागद हलला नाही. ती हात सोडणार नव्हती आणि तोही सोडत नव्हता. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये तो एक कागद. पावणेचार वाजले होते. दादा म्हणाला, अरे फाटेल, एकच कॉपी आहे. कुणी लक्ष दिलं नाही.

"हात उचलायचा नसेल तर नको उचलूस," ताई म्हणाली. "पण मग 'नाही' हा शब्द तूच लिही. तुझ्या अक्षरात. मी खाली सही करते."

धाकट्याने पेनकडे पाहिलं. टोपण काढलेलंच होतं. त्याने ते घेतलं, कोऱ्या जागेवर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला. तो तसाच थांबला. तीनशेच्या वर सामने खेळलेला माणूस, समोर दोन अक्षरं, आणि ती त्याला लिहवेनात. मग त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि पंजा कागदावरून काढून मांडीवर घेतला.

ताईने लिहायला सुरुवात केली. तिचं अक्षर सुवाच्य होतं. डॉक्टरांच्या अक्षराला वैतागून तिने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. उजवा गुडघा. तीन वर्षांपासून. जिना नीट उतरता येत नाही. तपासणी झालेली नाही, ताबडतोब व्हावी. तोवर खेळू देऊ नये.

दादा उठला. हे बरं नव्हे, असं म्हणत त्याने मोबाइल काढला. क्लबला फोन करून दुसरा फॉर्म मागवता येईल, सही काय, कुणाचीही आणता येईल. काकांनी त्याच्या बाहीला धरलं आणि खाली बसवलं. इतक्या वर्षांत काकांनी पूर्ण फिरवलेला तो पहिला व्हॉल्व्ह असावा. गोल किती, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं होतं आणि आई तिथं उभी होती. किती वेळ, कुणाला ठाऊक.

ताई कागदाच्या तळाशी सही करायला वाकली, तेवढ्यात धाकटा बोलला. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"डावा घोटापण लिही," तो म्हणाला.

ताईने वर पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"कधीपासून?"

"कप्तान झालो त्या वर्षी. सकाळी टेकत नाही."

तिने लिहिलं.

"कंबर. डाव्या बाजूने. बूट बाईच बांधून देते."

दारातून बाई म्हणाली, "मला वाटायचं लाडाने सांगतोस." मग तिने तोंडावर पदरासारखा हातातला फडका धरला आणि भिंतीकडे वळली.

ताईने कंबर लिहिली. उजव्या हाताची दोन बोटं लिहिली, जी पूर्ण मिटत नव्हती. तो थांबत थांबत सांगत होता, आणि प्रत्येक वेळी वाटे हे शेवटचं. दादाने मोबाइल खिशात ठेवला होता. इतकी वर्षं ज्याचं व्यवस्थापन केलं त्याच्याकडे तो पहिल्यांदाच ओळख नसल्यासारखा बघत होता.

"आणि हेडर मारला ना, की कानात वाजत राहतं. दोन-दोन दिवस. कधी समोरच्याचं नाव आठवत नाही," धाकटा म्हणाला. "ते कशात येतं?"

"कशातही येऊ दे. मी लिहिते," ताई म्हणाली.

चारला पाच कमी असताना बेल वाजली. क्लबचा माणूस. बाईने डोळे पुसून दार उघडलं, त्याला फोटोखालच्या सोफ्यावर बसवलं आणि थोडा वेळ लागेल म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, सही झाली का? आई बाहेर आली आणि धाकट्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, त्याच्याशी एक अक्षर न बोलता.

चार बोटं जागा केव्हाच भरली होती. ताईने समासात लिहिलं, मग तोही संपला. तिने कागद उलटा केला, हाताने सपाट केला आणि पेन झटकलं.

"हं," ती म्हणाली. "पुढे."